जीवनशैली निवडण्याची मुभा कुणाला?

व्यायाम करा, फळे-भाज्या खा, मीठ-साखर कमी करा, हा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांच्यापुरताच उरला, तर आरोग्यातील दरी बुजण्याऐवजी रुंदावत जाते. महाराष्ट्रातील आकडेवारी आणि जगभरातील अनुभव यांचा हा लेखाजोखा.

विशेष प्रतिनिधी

दरवर्षी ७ एप्रिलला जागतिक आरोग्यदिन आणि १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेहदिन साजरा होतो. त्या दिवशी शहरात प्रभातफेऱ्या निघतात, मोफत तपासणी शिबिरे भरतात आणि 'आपले आरोग्य आपल्या हाती' असे फलक झळकतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये योग्य आहाराची मोहीम हाती घेतली, २०१९ मध्ये 'फिट इंडिया'ची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. या साऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच आहे, की 'आपले आरोग्य' खरोखरच प्रत्येकाच्या हाती सारख्याच प्रमाणात आहे काय?

आजारांचा बोजा किती वाढला आहे, हे आता नव्याने सांगण्याची गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार केलेल्या पाहणीत सुमारे ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, तर सुमारे १८ टक्क्यांच्या रक्तात साखर वाढलेली आढळली. पुरेशी फळे व भाज्या न खाणाऱ्यांचे प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास होते. हा शेवटचा आकडा विचार करायला लावणारा आहे. शंभरातले चौऱ्याण्णव जण एखादी गोष्ट करीत नसतील, तर तो चौऱ्याण्णव व्यक्तींचा आळस मानायचा, की शहराच्या अन्नव्यवस्थेतील दोष?

एकाच घरात दोन्ही टोके

'जीवनशैलीचे आजार' हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला तो सुखवस्तूंच्या संदर्भात. खुर्चीत बसून काम करणारा, गोडाधोडाचे खाणारा, मोटारीतून फिरणारा माणूस ही त्यामागची प्रतिमा. ती आता अपुरी ठरली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील महाराष्ट्राचे आकडे पाहावेत. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे आणि २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आहेत. याच वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.२ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आहे. म्हणजे स्थूलता आणि कुपोषण हे दोन वेगळ्या समाजांचे प्रश्न राहिलेले नाहीत. ते एकाच राज्यात, एकाच वस्तीत आणि पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत.

या दोहोंमधील नाते उलगडण्याचे मोठे काम पुण्यातच झाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व अर्भके यांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे साडेतीन किलो. पण लहानखुऱ्या भारतीय बालकांत कमतरता होती ती मुख्यत्वे स्नायूंची आणि अवयवांच्या वाढीची. शरीरातील चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त अशी ही शरीररचना पुढे मधुमेहाला पोषक ठरते. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र याच कारणाने जगभर गाजले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

या संशोधनाचा सामाजिक अर्थ गंभीर आहे. आईच्या पोटात असताना ज्याची उपासमार झाली, त्याच्या शरीराने टंचाईशी जुळवून घेतलेले असते. तेच मूल पुढे शहरात येते, स्वस्त तेलकट व गोड पदार्थांच्या गराड्यात वाढते आणि चाळिशीच्या आतच मधुमेही होण्याचा धोका पत्करते. त्याला 'तुझी जीवनशैली चुकली' असे सांगणे वैद्यकीयदृष्ट्या अर्धवट आहे आणि नैतिकदृष्ट्याही. त्याच्या आजाराची सुरुवात त्याच्या जन्माआधी, आईच्या ताटात झालेली असते.

शहर एक, आयुष्ये अनेक

मुंबईत माणशी मोकळ्या जागेचे प्रमाण जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितले जाते, तर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा करतात. ही जेमतेम जागादेखील सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क किंवा वांद्र्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला जाणे शक्य आहे ते त्या परिसरात राहणाऱ्यांना. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर यांचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. देवनारची कचराभूमी १९२७ पासून याच परिसरात आहे. तेथील रहिवाशाला 'सकाळच्या शुद्ध हवेत अर्धा तास चाला' असा सल्ला देताना सल्ला देणाऱ्याची जीभ अडखळायला हवी.

घराचा आकार आणि वस्तीची दाटी यांचा आरोग्याशी किती थेट संबंध असतो, हे करोनाच्या साथीने लख्खपणे दाखविले. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत झालेल्या प्रतिपिंड सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, तर इमारतींतील वस्तीत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. विभाग तेच, विषाणू तोच, सूचनाही त्याच. अंतर राखा, वारंवार हात धुवा, ही सूचना पाळण्यासाठी लागणारी जागा आणि पाणी मात्र एकाकडे होते, दुसऱ्याकडे नव्हते.

असंसर्गजन्य आजारांबाबत हेच घडते. फक्त ते संथपणे घडत असल्याने डोळ्यांत भरत नाही. बारा तासांची पाळी करणारा सुरक्षारक्षक, दिवसभर रिक्षा चालविणारा चालक, पहाटे डबे करून लोकल पकडणारी आणि रात्री परतल्यावर पुन्हा चुलीपुढे उभी राहणारी घरकामगार स्त्री यांच्याजवळ पैशाइतकीच वेळेची चणचण असते. दुपारी नाक्यावर पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त आणि जलद मार्ग म्हणजे वडापाव, आणि मुलाची समजूत काढण्याचा म्हणजे पाच रुपयांचा पुडा. रेशन दुकानातून मिळणारे मोफत धान्य ही गरिबांची मोठी आधाररेषा आहे. परंतु त्यात प्रामुख्याने गहू आणि तांदूळच असतात. डाळ, भाजी, अंडी, दूध यांची तजवीज स्वतःच्या खिशातूनच करावी लागते. एकेकाळी गरिबाची म्हणून ओळखली जाणारी ज्वारीची भाकरी आता शहरी मध्यमवर्गाच्या आरोग्यदायी थाळीत मानाने विराजमान झाली आहे. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले; पण ज्यांच्या ताटातून ती गेली, त्यांच्या ताटात ती परत आली नाही.

सल्ल्याचा लाभ प्रथम कुणाला?

आरोग्यातील विषमतेचा शास्त्रीय अभ्यास ब्रिटनमध्ये विशेष खोलवर झाला. तेथील ग्रामीण-खाणकामगार भागात काम करणारे डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला. वैद्यकीय सेवेची गरज जिथे अधिक, तिथे ती चांगल्या प्रतीची मिळण्याची शक्यता कमी, हा तो व्यस्त न्याय. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा सुरू झालेला 'व्हाइटहॉल' अभ्यास तर आणखी बोलका आहे. सर्वांना नोकरीची हमी, सर्वांना सरकारी आरोग्यसेवा मोफत. तरीही हुद्द्याच्या प्रत्येक पायरीगणिक मृत्यूचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब मांडल्यानंतरही या फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. या अभ्यासाशी जोडले गेलेले सर मायकेल मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. २००८ मध्ये या आयोगाने निष्कर्ष काढला, की माणूस ज्या परिस्थितीत जन्मतो, वाढतो, काम करतो आणि म्हातारा होतो, तीच त्याचे आरोग्य मुख्यत्वे घडविते. ग्लासगो शहराच्या एका वस्तीतील पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे आणि काही मैलांवरच्या सुखवस्तू उपनगरात ८२ वर्षे, हे उदाहरण याच अहवालातले.

येथेच निव्वळ प्रबोधनाची मर्यादा लक्षात येते. नवा सल्ला प्रथम वाचतो तो शिकलेला माणूस. तो अमलात आणण्यासाठी लागणारा वेळ, पैसा आणि मोकळी जागाही त्याच्याकडेच असते. त्यामुळे सरासरी आकडे काहीसे सुधारतात, पण त्या सरासरीखाली वरचा आणि खालचा यांतील अंतर वाढलेले असते. तंबाखूचे उदाहरण घ्या. जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के होते, देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी कमी. पण धूरविरहित तंबाखू सेवन करणारे होते २४.४ टक्के! सुशिक्षितांच्या जगात सिगारेट अप्रतिष्ठित झाली, सार्वजनिक ठिकाणी तिच्यावर २००८ मध्ये बंदीही आली. मिसरी, मावा, खर्रा आणि तंबाखू-चुना मात्र कामाच्या ठिकाणी भूक आणि शीण मारण्याचे साधन म्हणून टिकून राहिले. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकण्याची पळवाट लगेच शोधली गेली.

किमतींची भाषा

मग उपाय कोणते? ज्या उपायांत प्रत्येकाच्या निर्धारावर विसंबून राहावे लागत नाही, ते विषमता कमी करण्यास अधिक उपयोगी पडतात, असा आजवरचा अनुभव आहे. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षात अशा पेयांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. सर्वांत गरीब गटात ही घट सरासरी नऊ टक्के होती. ब्रिटनने २०१८ मध्ये पेयातील साखरेच्या प्रमाणानुसार चढता कर आणला, तेव्हा अनेक कंपन्यांनी ग्राहकाच्या मनपरिवर्तनाची वाट न पाहता आपल्या पेयांतील साखरच कमी केली.

आपल्याकडील करव्यवस्था या कसोटीवर कुठे आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली. शीतपेये ४० टक्क्यांच्या गटात गेली. मात्र पूर्वीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून त्यांच्यावरील बोजा तितकाच होता, आणि हा दर साखरेच्या प्रमाणाशी जोडलेला नाही. त्याच दिवसापासून बिस्किटे, फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम आणि झटपट नूडल्स यांच्यावरील कर पाच टक्क्यांवर आला. व्यायामशाळांच्या सेवेवरील करही १८ वरून पाच टक्के झाला. घरखर्चाच्या दृष्टीने या सवलतींचे स्वागत झाले, ते स्वाभाविक होते. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर व्यायामशाळेची सवलत लागू पडते ती तेथील शुल्क भरू शकणाऱ्याला, आणि स्वस्त झालेला पुडा पोहोचतो तो गल्लीबोळांतील प्रत्येक टपरीवर. अर्थ खाते आणि आरोग्य खाते यांनी एकमेकांशी बोलावे, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

असे कर गरिबांवरच अधिक पडतात, हा आक्षेप गैरलागू नाही. मिळकतीच्या प्रमाणात पाहिले, तर तो बोजा गरिबाला जास्त जाणवतो, हे खरेच. पण मधुमेहाने पाय गमावलेल्या किंवा तोंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या कमावत्या माणसाच्या घराला बसणारा भुर्दंड त्याहून कैकपटींनी मोठा असतो. या आक्षेपाला खरे उत्तर म्हणजे जमा झालेला पैसा त्याच वस्त्यांत पिण्याचे पाणी, शाळेतला पौष्टिक आहार आणि दवाखाना यांच्या रूपाने परत जाणे. नेमके येथेच हात आखडता घेतला जातो. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा हा स्वतंत्र निधी बंद करून, हवे तर लोकसहभागातून द्यावे, असे सांगितले. सुस्थितीतील पालक असलेल्या शाळेत लोकसहभाग उभा राहील. ज्या शाळेतल्या मुलांना अंड्याची सर्वाधिक गरज आहे, तिथे तो कुणी उभारायचा?

दवाखान्याची वेळ आणि गावाची ताकद

आशादायक उदाहरणे नाहीत, असे मात्र नाही. मुंबईत २०२२ मध्ये सुरू झालेले 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्याचा निर्णय वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागणे, हेच अनेकांच्या निदानाला उशीर होण्याचे कारण असते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, त्याचे सूत्रही असेच साधे होते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी महिनाभराचा पुरवठा, घराजवळच्या केंद्रात मोजणी आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावपातळीवरील केंद्रांत रक्तदाब अधिक चांगला आटोक्यात राहिल्याचे त्यात दिसून आले.

लोकांच्या स्वतःच्या जबाबदारीला यात स्थानच नाही काय? अवश्य आहे. माणूस हा परिस्थितीच्या हातातील केवळ बाहुले असतो, असे मानणे हा गरिबाचा वेगळ्या प्रकारचा अवमान ठरेल. मात्र सवयी बदलतात त्या पुष्कळदा समूहाने. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले आणि स्वच्छता, बालसंगोपन, आहार यांबाबतच्या समजुती गावाने आपल्याआप बदलल्या. गडचिरोलीत लोकांच्या दीर्घ आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी आली आणि २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' या कार्यक्रमातून दारू व तंबाखूविरुद्ध गावोगावच्या संघटना उभ्या राहिल्या. फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात १९७२ मध्ये हृदयविकाराविरुद्ध जी मोहीम सुरू झाली, तिनेही गृहिणींच्या संघटना, दुकानदार, दुग्धव्यवसाय आणि खाद्यउद्योग यांना एकत्र आणले. काही दशकांत तेथील कमावत्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. लोणी खाऊ नका, एवढेच सांगून तिथले कार्यकर्ते थांबले नाहीत. शेतकऱ्याला बेरी-फळांच्या लागवडीचा पर्यायही त्यांनी मिळवून दिला.

मोजमाप बदलायला हवे

सर मायकेल मार्मट यांनी २०१० मध्ये इंग्लंडसाठी केलेल्या अहवालात एक तत्त्व मांडले होते. सेवा सर्वांसाठी असाव्यात. पण त्यांचे प्रमाण गरजेनुसार वाढते असावे. हे तत्त्व आपल्या शहरांना लावायचे, तर पहिली पायरी मोजमापाची आहे. शहराची सरासरी सांगून चालणार नाही. रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, जन्मवेळचे वजन यांचे आकडे विभागवार, उत्पन्नगटानुसार आणि स्त्री-पुरुषनिहाय दरवर्षी जाहीर व्हावेत. प्रत्येक नव्या योजनेला एकच प्रश्न विचारला जावा : यामुळे दरी कमी होणार, की वाढणार? बागेत खुली व्यायामसाधने बसविण्याआधी बाग कोणत्या विभागात नाही, हे पाहिले जावे. स्त्रियांनी चालावे असे सांगण्याआधी त्या रस्त्यावर दिवे आणि पदपथ आहेत का, हे तपासले जावे. आहाराचे धडे देण्याआधी गरोदर मातेच्या ताटात डाळ आणि अंडे पोहोचले का, याची खातरजमा व्हावी. कारण वीस-तीस वर्षांनंतरच्या मधुमेहाचे बीज तिथे आहे.

यासाठी पैसा लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरविले होते. ती मुदत उलटली आणि उद्दिष्ट दूरच राहिले. अशा स्थितीत प्रबोधनाचा फलक हा सर्वांत स्वस्त उपाय असल्याने तोच सर्वांत लोकप्रिय ठरावा, यात नवल नाही. फलक लावला, की शासनाची जबाबदारी संपते आणि नागरिकाची सुरू होते. पुढे तो आजारी पडला, तर दोषही त्याचाच.

चांगल्या सवयींचा आग्रह धरलाच पाहिजे. तो धरण्याचा नैतिक अधिकार मात्र त्या सवयी परवडतील अशी परिस्थिती निर्माण करणाऱ्या शासनालाच पोहोचतो. महापालिकांचे आणि राज्याचे पुढचे अर्थसंकल्प मांडले जातील, तेव्हा आरोग्याच्या घोषणांपेक्षा मोकळी मैदाने, पिण्याचे पाणी, शाळेतला आहार आणि वस्तीतला दवाखाना यांच्यासमोर लिहिलेले आकडे नागरिकांनी बारकाईने वाचावेत. शहराची जीवनशैली प्रत्यक्षात ठरते ती तिथेच.